कोपऱ्यातली पावडर : आमची वाटचाल

आम्ही पावडर कोटिंगच्या गन बनवतो. रंगाची कोरडी पावडर विजेच्या भारानं पत्र्यावर चिकटवायची आणि मग ओव्हनमध्ये भाजायची, ते पावडर कोटिंग. या धंद्यात कपाटाचं दार उघडून आतल्या कोपऱ्यात टॉर्च मारणारं गिऱ्हाईक मी आयुष्यात एकच पाहिलं. बाकीचे समोरच्या पत्र्यावर हात फिरवतात, थराची जाडी मोजणारं मायक्रॉन मीटर टेकवतात, ७० आकडा दिसला की खूश होतात. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतले आमचे आण्णा थेट आत वाकायचे. तळाचा कप्पा, बाजूचा पत्रा आणि मागचा पत्रा जिथे मिळतात तिथे झोत टाकायचे, अंगठ्याच्या नखानं खरवडायचे आणि म्हणायचे, "मालक, हितं तुमची पावडर पोचली न्हाई."

ते बरोबर असायचं, आणि त्याचाच राग यायचा.

१९९४ साली पुण्याजवळ भोसरीत ६०० स्क्वेअर फुटांचा भाड्याचा गाळा घेतला, तेव्हा गन बनवण्याचा विचारही नव्हता. मी एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये ९ वर्षं काढली होती. सात टाक्यांची प्रोसेस, फॉस्फेटिंग, बूथ, ओव्हन, सगळं हाताखालून गेलेलं. माझा आतेभाऊ, त्याला मी दादा म्हणतो, कसबा पेठेत टीव्ही दुरुस्त करायचा. परदेशी गन बिघडली की पार्ट यायला दोन-दोन महिने लागत आणि तोवर लाइन बंद. त्या गन दुरुस्त करून द्यायच्या, एवढ्यावरच आम्ही सुरुवात केली.

पहिली जळकी गन आली ती दादानं हॅक्सॉनं उभी कापली. आतलं पिवळं रेझिन हीट गननं मऊ करत, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं टिचक्या मारत, त्यानं डायोड आणि कपॅसिटरची शिडी मोकळी केली. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. म्हणाला, "अरे, हे आपल्या टीव्हीतलं ट्रिपलरच आहे, फक्त लांबलचक!" रंगीत टीव्हीच्या पिक्चर ट्यूबला २५ किलोव्होल्टच्या आसपास लागतात, इथे ८०-१००. तत्त्व तेच. पुढे कुणीतरी सांगितलं की हीच शिडी वापरून कॉक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी १९३२ साली केंब्रिजला अणूचं केंद्रक फोडलं होतं. दादानं ती दोन नावं गाळ्याच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवली. गाळा सोडेपर्यंत ती कुणाला पुसू दिली नाहीत.

दोन वर्षांत आम्ही स्वतःचा कॅस्केड, म्हणजे व्होल्टेज वाढवणारी ती शिडी, बांधला, मग गन, मग कंट्रोल युनिट. खोक्यातली पावडर हवेच्या झोतानं ओढून गनकडे पाठवतो तो इन्जेक्टर. त्याच्या आतली टेफ्लॉनची नळी, म्हणजे थ्रोट, मी स्वतः लेथवर काढायचो. लोक गनचं कौतुक करतात, पण माल ओढतो तो थ्रोट. त्याचं भोक झिजलं की पावडर सलग येत नाही, धक्के देत येते, आणि पेंटर बिचारा एअर वाढवत बसतो. आमचा थ्रोट हातानं फिरवून निघतो, पाना लागत नाही. ही साधी गोष्ट, पण ती बसवायला आम्हाला सात नमुने टाकून द्यावे लागले.

तर आण्णांचा कोपरा.

धंद्यातल्यांना सांगायला नको, हा फॅराडे केजचा त्रास. कोरोना गनच्या, म्हणजे टोकाला उच्च व्होल्टेज देऊन पावडर चार्ज करणाऱ्या गनच्या, टोकापासून निघालेल्या विद्युत क्षेत्राच्या रेषा जवळच्या कडांवर जाऊन संपतात, आत शिरत नाहीत. चार्ज झालेली पावडर त्याच रस्त्यानं जाते. पेंटरला वाटतं जोर कमी पडतोय. तो केव्ही (किलोव्होल्ट) वाढवतो, पावडर वाढवतो, एअर वाढवतो. कडांवर १५० मायक्रॉनचा थर बसतो, तिथे बॅक आयोनायझेशन होऊन, म्हणजे साचलेला चार्ज थरातूनच फुटून, ऑरेंज पील, म्हणजे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, येतं, आणि कोपऱ्यात बसलेली थोडीफार पावडरही एअरच्या झोतानं बाहेर येते. खरा उपाय उलटा आहे. करंट कमी करा, ८० मायक्रोअँपिअरवरून १०-१५ वर आणा, ढग मऊ ठेवा आणि फ्लॅट नोझलनं हळू आत जा. हे आम्ही आण्णांच्या पेंटरला दहा वेळा सांगितलं. पण तो एका हातात गन धरून बूथच्या आत उभा, कंट्रोल युनिट सहा फूट मागे. दर कोपऱ्याला जाऊन नॉब फिरवणार कोण? एका कपाटाला असे कोपरे किती, मोजून बघा.

म्हणून बटण. गनच्या मुठीवर, अंगठ्याखाली. दाबून धरलं की करंटची मर्यादा खाली येते, सोडलं की पूर्ववत. दादानं त्याचं सर्किट तीन रात्रींत बसवलं. २००३ च्या पावसाळ्याआधी पहिली गन आण्णांकडे गेली. त्यांनी टॉर्च मारला, नखानं खरवडलं, पुन्हा मारला. काही बोलले नाहीत. मग आतून चहा मागवला. तिथल्या पेंटरांनी त्याचं नाव पाडलं "कोपरा बटण". आजही आमच्या बिलावर तेच नाव छापलेलं असतं.

आता जे लिहितोय ते लिहू नये, असं घरचे म्हणतात. पण वाटचाल लिहायची आणि हे गाळायचं, तर लिहायचंच कशाला?

२००४ च्या सुरुवातीला आम्ही एका प्रदर्शनात छोटा स्टॉल घेतला आणि कोपरा बटण मांडलं. गर्दी चांगली होती. तिसऱ्या दिवशी एक मुलगा आला. तो आमच्याकडे दोन वर्षं असेंब्लीला होता, २००२ मध्ये सोडून गेलेला. त्यानं स्वतःचं काहीतरी सुरू केलंय, एवढं कानावर होतं. दादानं त्याला प्रेमानं बसवलं, चहा दिला, गन हातात दिली. मूठ उघडूनही दाखवली. आमच्याच हाताखाली शिकलेला पोरगा, त्याच्यापासून लपवायचं काय, असं दादाचं म्हणणं.

आठ महिन्यांनी त्याची गन बाजारात आली. बटण त्याच जागी, किंमत आमच्यापेक्षा तीस टक्के कमी. मी एक गन तिसऱ्याच्या नावानं विकत आणली आणि मूठ उघडली. आमच्या मुठीत डाव्या बाजूला एक रिकामं भोक आहे. पहिल्या डिझाइनमध्ये तिथे एक स्क्रू होता, तो पुढे काढून टाकला, पण मोल्ड बदलायला पैसे नव्हते म्हणून भोक राहिलं. त्याच्या मुठीतही ते भोक होतं. त्याच जागी, त्याच मापाचं, कशालाही न लागणारं.

वकिलांकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पेटंटचा अर्ज कधी केलात?" अर्ज केलाच नव्हता. माल विकला, प्रदर्शनात मांडला, म्हणजे कायद्याच्या नजरेत तो जगजाहीर झाला आणि नावीन्य तिथेच संपलं. पेटंट कायद्याच्या कलम ३१ मध्ये प्रदर्शनासाठी सूट आहे, पण ती केंद्र सरकारनं राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनापुरती, तीही १२ महिन्यांच्या आत अर्ज केला तर. आमचं प्रदर्शन तसलं नव्हतं. तरुण मुलांना म्हणून हात जोडून सांगतो : आधी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाका, मग गिऱ्हाइकाला दाखवा. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाला १६०० रुपये लागतात. पूर्ण तपशील द्यायला पुढे १२ महिने मिळतात. आणि परीक्षणाची विनंती वेगळी करावी लागते, ती आपोआप होत नाही. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं.

किंमत उतरवावी लागली. किंमत उतरली म्हणजे नग वाढवायला हवेत, आणि इथे आमची स्वतःची चूक आहे, ती मी दुसऱ्याच्या गळ्यात मारणार नाही. २००५ चा उन्हाळा. राज्यभर भारनियमन. कॅस्केड रेझिनमध्ये ओतण्यापूर्वी आम्ही एका डब्यात व्हॅक्यूम पंपानं हवा काढायचो. वीज गेली की पंप बंद, आणि कालवलेलं रेझिन थांबत नाही, घट्ट होत जातं. तेवढ्यात ओतून टाकायचं. त्या तीन महिन्यांत ६० गन अशा घाईत गेल्या.

जुलैत पाऊस लागला आणि फोन सुरू झाले. गन मारतेय पण पावडर चिकटत नाही. गनमधून चटचट आवाज येतोय. पेंटरला झटका बसला. ऑगस्ट संपेपर्यंत ४३ गन परत आल्या. एका मोठ्या कंपनीनं त्याचंच निमित्त करून जुन्या, चालू असलेल्या मालाचेही पैसे अडवले, सात महिने. बँकेचा हप्ता चुकला. दादाच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, न मागता पाटल्या काढून दिल्या. ते मी आयुष्यभर विसरणार नाही.

दादानं परत आलेली एक गन पुन्हा हॅक्सॉनं उभी कापली, पहिल्या रात्रीसारखीच. या वेळी रेझिन आमचं होतं. उजेडात धरलं तेव्हा दिसलं : पिवळ्या रेझिनमध्ये राईच्या दाण्याएवढे बुडबुडे, आणि एका बुडबुड्यापासून दुसऱ्यापर्यंत केसासारखी काळी रेघ. हवा एका मिलिमीटरला सुमारे ३ किलोव्होल्ट सोसते, रेझिन त्याच्या कितीतरी पट. वीज बुडबुड्यात फुटली, कडेचं रेझिन जळून कोळसा झालं, आणि त्या कोळशाच्या वाटेनं पुढच्या बुडबुड्याला गेली. दादा ती रेघ बोटानं चाचपत बराच वेळ बसला होता.

त्याच आठवड्यात आण्णा आले. सांगलीला कृष्णेचा पूर नुकताच उतरला होता, रस्त्यांची दैना होती, तरी आले. गोणपाटात गुंडाळलेल्या चार गन टेबलावर मांडल्या. नखांत हिरवी पावडर अजून तशीच. मला वाटलं हिशेब मागणार. ते म्हणाले, "त्या दुसऱ्याची गन बघून आलो. स्वस्त हाय. बटण बी हाय. पण मी इचारलं, करंट किती खाली येतोय, तर त्येला सांगता येईना. तुम्ही ह्ये नीट करा, मी थांबतो." आणि सहा नव्या गनचा पूर्ण ॲडव्हान्स, चेक लिहून. तारीख त्याच दिवसाची.

त्या पैशातून आम्ही पहिल्यांदा गन बनवली नाही. रेझिन ओतायचं मशीन बनवलं.

जाड पत्र्याची व्हॅक्यूम टाकी, वर ॲक्रिलिकचं झाकण, वीज गेली तरी बॅटरीवर चालेल असा पंप. रेझिन आणि हार्डनर दोन वेगळ्या टाक्यांत, दोन वेगळ्या पंपांनी ठरलेल्या प्रमाणात पुढे यायचे आणि स्टॅटिक मिक्सरच्या नळीत मिसळायचे. ती नळी हातात घेऊन बघा. आत काहीच फिरत नाही, नुसती पिळाची पाती. दर पात्याला थर दुप्पट होतात. २४ पाती पार करेपर्यंत १ कोटी ६७ लाखांच्या वर थर झालेले असतात. काडीनं ढवळून हे कुणाच्या हातून व्हायचं नाही. सुरुवातीला गिअर पंप लावले, ते तीन महिन्यांत संपले, कारण रेझिनमधली सिलिका दातांना पॉलिशसारखी घासते. मग पिस्टनवर गेलो. आणि ओतणं थांबल्यावर नोझलला जी शेपटी लोंबते, थेंब पडून काम खराब होतं, तिच्यासाठी दादानं असा व्हॉल्व्ह काढला की बंद होता होता तो रेझिन आणि हार्डनर दोन्ही एकाच दांड्यावर, एकाच क्षणी, किंचित मागे ओढतो.

या वेळी व्हॉल्व्ह कुणालाही दाखवण्याआधी अर्ज टाकला. मुंबईत अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात सुनावणीला दादा स्वतः गेला, व्हॉल्व्ह पिशवीत घालून. पेटंट मिळालं. अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, आणि दर वर्षीची फी मी डायरीत लाल पेननं लिहून ठेवतो.

मशीन बघायला आलेला एक इग्निशन कॉइल बनवणारा म्हणाला, हे मला विकत द्या. तिथून आमचा दुसरा धंदा. आज निम्म्याहून जास्त उलाढाल रेझिन, सिलंट आणि ग्रीस मापून सोडणाऱ्या मशीनची आहे, पावडरची कमी. २००७ पासून पुढची बारा-तेरा वर्षं सरळ गेली. स्वतःचा गाळा झाला, माणसं २२ झाली, त्यात लिहिण्यासारखं नाही.

पावडरवाल्यांना मात्र जाता जाता. लोक अजूनही आमच्याकडे येतात आणि म्हणतात, पावडर धरत नाही, नवी गन द्या. मी आधी विचारतो, हूक कधी साफ केलेत? हँगरवर पावडरचे थरावर थर शिजलेले असतात, जॉबला, म्हणजे रंगवायच्या वस्तूला, अर्थिंग मिळतच नाही. जॉबपासून अर्थपर्यंत १ मेगओहमच्या आत यायला हवं, मेगर (रेझिस्टन्स मोजायचं मीटर) लावून बघा. मग एअरचा पाइप पांढऱ्या कागदावर धरा. तेलाचा किंवा पाण्याचा डाग आला तर दोष ड्रायरचा आहे. पावसाळ्यात पावडरचा खोका उघडा ठेवू नका. एवढं करून नाही झालं तर या, गन देतो.

आण्णा २०१८ मध्ये गेले. त्यांचा मुलगा कारखाना बघतो आणि नवं कपाट निघालं की कोपऱ्याचा फोटो मोबाइलवर पाठवतो, टॉर्चच्या उजेडात काढलेला.

तो दुसरा अजूनही धंद्यात आहे, आपल्यापेक्षा मोठा झालाय. त्याच्या कॅटलॉगच्या पहिल्या पानावर छापलंय की मुठीवरचं करंट बटण भारतात सर्वांत आधी त्यानं आणलं. माझ्याकडे २००३ चं डिलिव्हरी चलन आहे, आण्णांच्या सहीचं. त्यांच्या मुलानं ती पहिली गनही परत आणून दिली आहे, डाव्या बाजूच्या रिकाम्या भोकासकट. ज्याला बघायची असेल त्यानं भोसरीला यावं. गुरुवारी सुट्टी असते, बाकी सकाळी नऊपासून मी आणि दादा गाळ्यातच असतो.