पान ३१

वाचनालयातून आणलेली रहस्यकथा. ३१व्या पानाच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं, ‘हाच खुनी.’ शेजारी बाणसुद्धा!

पुस्तक मिटलंच. मग चिडून पुन्हा उघडलं.

आणि रात्री दीडपर्यंत सुटलं नाही. खुनी शोधायचा नव्हताच, लेखक हातचलाखी कुठे करतो ते बघत होते. इंग्रज लेखक रोनाल्ड नॉक्सने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. पहिलाच: गुन्हेगार सुरुवातीलाच दिसला पाहिजे. इथे तो छत्री झटकत दारात उभा. एरवी मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं.

गेल्या आठवड्यातल्या थ्रिलरमध्ये शेवटचा धक्का सोडला तर काहीच नव्हतं. आत्मचरित्रात तर माणूस तगला हे आधीच माहीत असतं (म्हणून तर लिहितोय), तरी वाचतोच की आपण.

आता खोडरबर घेऊन बसलेय. पुसू की राहू दे?