कागदाच्या कंदिलाचं वजन

“ताई, कंदील ४०० चा आणि पाठवायचे ३००? कागदाला वजन ते किती!”

एका ग्राहकाचा सकाळचा हा मेसेज दिवसभर डोक्यातून गेला नाही. प्रश्न रास्तच होता. माझा कंदील भरतो जेमतेम पाव किलो.

पण कुरिअरवाल्याने काट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टेप काढली. खोका तिन्ही बाजूंनी ३० सेंटिमीटर. लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार, भागिले ५०००. झाले ५.४ किलो! गाडीत जागा अडते, तिचे पैसे.

लहान खोका घेतला तर पाकळ्या चेपतात. गेल्या वर्षी एकीने दबलेल्या कोपऱ्याचा फोटो पाठवला होता, खाली लिहिलेलं, “मुलगा हिरमुसला.” तेव्हापासून मी मोठा, जाड खोकाच घेते.

संध्याकाळी पावतीचा फोटो पाठवला. कुरिअर २६०, खोका आणि चिकटपट्टी ४०. माझी मजुरी त्यात एक रुपयाही नाही. ती कंदिलाच्या किमतीत आहे, तिथेच असायला हवी. ‘फ्री डिलिव्हरी’ म्हणून कंदीलच ७०० चा करणं मला पटत नाही.

त्यांचं उत्तर आलं, “मग आधीच सांगायचं ना.”

खरंय. आजपासून प्रत्येक फोटोखाली खोक्याचं माप आणि हिशोब लिहिणार. घरून विकणाऱ्या मैत्रिणींनो, तुम्ही कसं करता?