संजाणचा अधिपती मधुमती

मध्ययुगीन जगाच्या व्यापाराचा नकाशा पाहिला, की त्यावर चीनपासून भूमध्य समुद्रापर्यंत ओढलेल्या ठळक रेघा दिसतात आणि कोकणचा किनारा त्या रेघांवरचा एक ठिपका होऊन बसतो. माल कुठून निघाला आणि कुठे उतरला हे त्या रेघा सांगतात. मधल्या बंदरात परक्या माणसाला कोण राहू देत होते, त्याचा तंटा कोण सोडवत होते आणि त्याच्याकडून राज्यकर्त्यांना काय मिळत होते, हे त्यांच्यावरून कळत नाही. या प्रश्नांची उत्तरे ज्या थोड्या साधनांत मिळतात, त्यांत चिंचणीचे ताम्रपट मला सर्वांत मोलाचे वाटतात.

डहाणू तालुक्यातील चिंचणी या गावी १९५५ साली काही ताम्रपट उजेडात आले. त्यांपैकी एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातील असून त्यावर शके ८४८, म्हणजे इसवी सन ९२६ अशी नोंद आहे. या पटानुसार संजाणचे (आजच्या गुजरातमधील वलसाड जिल्ह्यातले) मंडळ इंद्राच्या आधीचा राजा दुसरा कृष्ण याने ज्या अधिकाऱ्याकडे सोपवले होते, तो ‘ताजिक’, म्हणजे अरब-इराणी मुलखातला, होता. त्याचे नाव मधुमती, दुसरे नाव सुगतिप आणि पित्याचे नाव सहियारहार. मधुमती म्हणजे महंमद आणि सहियारहार म्हणजे शहरियार, हा अभ्यासकांनी लावलेला अर्थ सहज पटण्याजोगा आहे. अरबी किंवा इराणी वंशाचा एक मुसलमान दहाव्या शतकाच्या आरंभी कोकणच्या उत्तर भागाचा कारभार पाहत होता आणि त्याची प्रशस्ती संस्कृतात कोरली जात होती.

प्रशस्तीतला मजकूर बारकाईने वाचावा असा आहे. मधुमतीने आसपासच्या सर्व वेलाकुलांच्या, म्हणजे बंदरांच्या, अधिपतींना आपल्या धन्यासाठी जिंकून तेथे स्वतःची माणसे नेमली. त्याने दोन प्रवाहांवर विनामूल्य नावेची सोय केली आणि संजाणात एक अन्नछत्र उघडले, जिथे भात, कालवण आणि तूप मिळत असे. विनामूल्य नाव ही दानधर्माची गोष्ट आहे, यात शंका नाही. परंतु खाड्यांनी तुटलेल्या या किनाऱ्यावर माल आणि माणसे अडकून पडू नयेत, ही बंदर चालवणाऱ्याची गरजही तिच्यात दिसते. पुढे अण्णैय नावाच्या ब्राह्मणाने तिथे देवीची मठिका, म्हणजे लहान मठ, उभारली, तेव्हा तिची डागडुजी, देवीचा नैवेद्य आणि मठिकेतील माणसांचे भोजन यांसाठी जमीन लावून देणारा अधिकारी हाच मधुमती होता आणि त्यासाठी त्याने आपल्या सार्वभौम राजाची संमती घेतली होती.

याला आजच्या अर्थाने धार्मिक सलोखा म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. मला तो शब्द इथे अपुरा वाटतो, कारण ही व्यवस्था भावनेपेक्षा हिशेबावर उभी होती. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पलीकडे होती आणि त्यांची मोठी युद्धे उत्तरेला गुर्जर-प्रतिहारांशी चालत. किनारा हाताळायला ज्यांना समुद्र, जहाजे आणि पलीकडची बाजारपेठ ठाऊक होती अशी माणसे त्यांना हवी होती; मधुमतीने शेजारची बंदरे बळाने काबीज केली, हेही त्या कामाचाच भाग होते. जो राज्याचा अधिकारी झाला, त्याने त्या राज्यातील अधिकाऱ्याप्रमाणे देवीला जमीन लावून द्यायची, यात त्या काळच्या लोकांना विपरीत असे काही वाटले नसावे.

अरबी लेखनातून हीच गोष्ट पलीकडच्या बाजूने दिसते. ८५१ च्या सुमाराच्या एका अरबी वृत्तांतात जगातील चार थोर राजांमध्ये बगदादचा खलिफा, चीनचा सम्राट आणि रूमचा, म्हणजे बायझंटाईन, बादशहा यांच्या जोडीला ‘बल्हरा’ मोजलेला आहे. बल्हरा म्हणजे वल्लभराज, अर्थात राष्ट्रकूट राजा. आणि तो अरबांवर विशेष मेहेरनजर ठेवतो, असे त्यात म्हटले आहे. बगदादचा प्रवासी अल् मसुदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६ च्या आसपास, सैमूरला आला. सैमूर म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातले चौल. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे तो लिहितो. त्यांत सिराफ, ओमान, बसरा आणि बगदाद इथून आलेले लोक होते, तसेच याच भूमीत जन्मलेले ‘बयासिरा’ही होते. त्यांच्यावर ‘हुनरमन’ नावाचा प्रमुख असे आणि मुसलमानांचे आपापसांतले व्यवहार त्याच्याकडे जात. हा प्रमुख राजाच नेमत असे, मात्र तो त्यांच्यातलाच असे.

दहा हजार हा आकडा अंदाजाचा असणार, तरी वस्ती मोठी होती हे उघड आहे. तिचे कारण वाऱ्यात शोधावे लागते. पावसाळ्यात हा किनारा जहाजांना बंद असे आणि परतीचा वारा सुरू होईपर्यंत व्यापाऱ्याला थांबण्यावाचून गत्यंतर नसे. दर खेपेला काही महिने थांबणारा माणूस वखार घेतो, गुमास्ता ठेवतो, पुष्कळदा इथेच लग्न करतो. बयासिरा म्हणजे या थांबण्याची पुढची पिढी. इराणच्या आखातावरील सिराफ बंदरात श्रीमंतांची घरे सागवानाची असत, आणि सागवान त्या वाळवंटी किनाऱ्यावर उगवत नाही. ते समुद्रापलीकडूनच येई. उलट दिशेने काय गेले, याची एक गमतीची नोंद मसुदीनेच केली आहे: विडा खाण्याची सवय मक्का आणि येमेनमधील लोकांपर्यंत पोहोचली होती. खंबायतच्या चपलांचीही तो आवर्जून आठवण काढतो आणि त्या सिंदान (म्हणजे संजाण), सोपारा अशा गावांतही तयार होत, असे सांगतो. व्यापाराच्या इतिहासात रेशीम आणि रत्नांना जितकी जागा मिळते, तितकी या चपलांना मिळत नाही, याची मला खंत वाटते.

राज्यकर्ते बदलले तरी ही व्यवस्था एकदम मोडली नाही. राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाच्या काळातला एक पट त्याच मठिकेच्या जमिनीच्या तंट्याविषयी आहे. प्रतिपक्ष होता भिल्लमालदेवाचे देऊळ, म्हणजे राजस्थानातल्या भिनमाळहून आलेल्या व्यापाऱ्यांच्या देवाचे. तडजोड अशी झाली, की देवळाने जमीन वापरावी आणि मठिकेला ठरलेली रक्कम देत राहावी. परके फक्त समुद्रावरून येत नव्हते, हे या किरकोळ वाटणाऱ्या भांडणातून चांगले कळते. पुढे १०३४ मध्ये कोकणच्या शिलाहार राजांचा मांडलिक चामुंडराज याने मठिकेला देवीपुढच्या दिव्याच्या तेलासाठी एक घाणा दिला. त्या पटात संजाणच्या ज्या प्रतिष्ठितांना उद्देशून लिहिले आहे, त्यांत अल्लिय, महर आणि मधुमत ही नावे आहेत. पहिले आणि तिसरे अरबी वळणाचे दिसते, तर दुसरे इराणी ‘मिहर’शी जुळते. मधुमतीनंतर शंभर वर्षांनीही संजाणात दानाची खबर ज्यांना द्यायची, त्या मंडळींत असे लोक होते.

तोपर्यंत पलीकडची बाजू मात्र बदलू लागली होती. ९७७ च्या भूकंपाने सिराफचे मोठे नुकसान झाले, आणि इजिप्तमध्ये फातिमी सत्ता स्थिरावल्यावर हिंदी महासागरातला माल आखाताऐवजी तांबड्या समुद्राकडे, एडनमार्गे, अधिकाधिक वळू लागला. संजाणात २००२ नंतर झालेल्या उत्खननात पश्चिम आशियातली निळसर-हिरव्या झिलईची भांडी, काच आणि चिनी मातीची भांडी मिळाली. ताम्रपटांत मालाचा उल्लेख फारसा येत नाही, जमीन, घाणा आणि भात-तूपच येते. त्यामुळे मधुमतीच्या बंदरात जहाजांतून नेमके काय उतरत होते, याची कल्पना या खापरांवरूनच करावी लागते.