फोल्सहिलचा गाळा: आमची वाटचाल

जुन्या इंग्लिश स्पोर्ट्स गाड्या दुरुस्त करायचा आमचा गाळा इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या फोल्सहिल भागात आहे. त्याच्या दारामागे खिळ्याला एक रबरी नळी टांगलेली आहे, दोन हात लांब. नवीन पोरगा कामाला लागला की त्याला वाटतं, ती फरशी धुवायची. ती कार्बोरेटरची आहे. एमजीबी या एमजी कंपनीच्या स्पोर्ट्स गाडीला एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर असतात. नळीचं एक टोक कानाला, दुसरं आधी पुढच्या कार्बोरेटरच्या तोंडाशी, मग मागच्याच्या. दोन्हीकडचा हवेचा आवाज एका पट्टीत लागला पाहिजे. हल्ली काट्याचं मीटर मिळतं, आमच्याकडेही आहे, पण शेवटचा हात मी नळीनेच फिरवतो. मुलगी म्हणाली, बाबा, दुकानाचं सगळं एकदा लिहून ठेवा. लिहायला बसलो आणि पहिल्यांदा नळीच डोळ्यांपुढे आली.

मी मूळचा कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात वडिलांचं लेथचं छोटं दुकान होतं, ऑइल इंजिनाचे सुटे भाग करायचो. लग्न झालं आणि 1978 साली कॉव्हेंट्रीला आलो, सासरे इथे आधीपासून होते. मोटार कारखान्यांना भाग पुरवणाऱ्या एका वर्कशॉपात लागलो. 1980 च्या ऑक्टोबरात ॲबिंग्डनचा एमजीचा कारखाना बंद झाला, त्याच वर्षी इथे कॅनलीत ट्रायम्फच्या गाड्या जोडणं थांबलं. वर्कशॉपची कामं एकेक करत आटली आणि 1982 ला माझ्या हातात नारळ पडला.

शेजारच्या लेथवर एक म्हातारा इंग्रज फिटर होता. त्यालाही नारळ. तो तरुणपणी इथल्याच मॉरिसच्या इंजिन कारखान्यात होता. दोघांनी मिळून 1983 मध्ये फोल्सहिलमध्ये गाळा घेतला. पैसे निम्मे त्याचे, निम्मे माझे, पण हत्यारं सगळी त्याची. लाकडी पेटीत व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या इंग्रजी इंची मापाचे, पाने होते, तेलकट फडक्यात एकेक गुंडाळलेले. एमजी टीसी आणि टीडी या जुन्या गाड्यांचं 1250 सीसीचं इंजिन ज्याने उघडलंय त्याला ठाऊक आहे की तिथे नटाचं डोकं व्हिटवर्थचं आणि आटे मेट्रिकचे असतात. तो कारखाना मुळात हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा, यंत्रं मेट्रिक, म्हणून आटेही तसेच राहिले. इंग्रज फिटरच्या हातात पाने मात्र व्हिटवर्थचे, म्हणून डोकी तशी. हे न कळता दुसऱ्या मापाचा बोल्ट दामटून बसवला की ब्लॉकमधले आटे गेलेच. म्हाताऱ्याने मला पहिल्या आठवड्यात हे शिकवलं. तो 1987 साली गेला. पेटी अजून माझ्या टेबलाखाली आहे आणि तिला मी कुणाला हात लावू देत नाही.

आमचं नाव झालं ते बुश, म्हणजे झिजलेल्या भोकात बसवायची धातूची नळकांडी, बसवण्याने. एसयूच्या थ्रॉटलचा, म्हणजे हवेच्या झडपेचा, दांडा अडीच सुती. वीस-तीस वर्षांत त्याचं भोक अंडाकृती होतं, तिथून चोरटी हवा आत जाते आणि मग सुईला, जेटला कितीही हात लावा, स्लो स्पीड काही केल्या टिकत नाही. लोक कार्बोरेटरला शिव्या देतात. बिचारा कार्बोरेटर काय करणार? बॉडी नीट पकडायची, दोन्ही बाजूंची भोकं एका रेषेत रीम करायची, बुश दाबून बसवायचा, पुन्हा रीम करायचं. दांडा बोटाने फिरवला तर तुपात फिरल्यासारखा फिरला पाहिजे आणि वर-खाली केसभरही हलता कामा नये. उद्यमनगरातला हात इथे कामी आला. जुन्या गाड्यांच्या क्लबातले लोक आगपेटीएवढ्या खोक्यात घालून आणावेत इतक्या जपून आपले कार्बोरेटर माझ्याकडे आणू लागले.

आता 1990 सालाबद्दल. हे मला सविस्तर सांगायचंय, कारण यातलं अर्धं लोकांना उलटं माहीत आहे.

1988-89 मध्ये या गाड्यांच्या किमती वेड्यासारख्या वाढल्या. जॅग्वार ई-टाइप आणि ऑस्टिन-हीली या गाड्या लोक शेअर्स घ्यावेत तशा घेत होते. चालवायला नाही, ठेवायला. पूर्ण गाडी नव्याने उभी करायची कामं येऊ लागली, म्हणून घरावर कर्ज काढून मी शेजारचा गाळा घेतला. मग बाजार पडला. बँकेचा मूळ व्याजदर वर्षभर 15 टक्क्यांच्या घरात होता, आम्हाला त्याहून जास्त. तीन गिऱ्हाइकांनी अर्ध्या उघडलेल्या गाड्या तशाच सोडल्या. एका ई-टाइपचा नुसता सांगाडा प्रायमर मारून वर्षभर माझ्या स्टँडवर आडवा होता, मालक फोन उचलत नव्हता. हिने शाळेच्या स्वयंपाकघरात काम धरलं. मंगळसूत्र सोडून बाकी सोनं आम्ही लेस्टरला बेलग्रेव्ह रोडवर नेऊन विकलं.

त्यातच वरच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्याने माझ्या निम्म्या दरात एमजीबीच्या सिल बदलून द्यायला सुरुवात केली.

एमजीबीला वेगळी चॅसी नाही. दाराखालची सिल म्हणजे त्या उघड्या गाडीचा कणा. बाहेरचा पत्रा, मधला पडदा, आतला पत्रा असे तीन थर मिळून ती पेटी होते. ती बदलायची तर आधी दाराच्या चौकटीत आडवा दांडा वेल्ड करून गाडी जखडावी लागते. नाहीतर सिल कापली की बॉडी मधोमध लवते, दाराची फट मिटते आणि दार पुन्हा लागत नाही. दोन्ही बाजूंचं हे काम आमच्याकडे तेव्हा दोन-तीन आठवडे घ्यायचं. त्याच्याकडे चार दिवस. कारण तो जुनी गंजकी सिल काढतच नव्हता. तिच्यावर नवा पत्रा बसवायचा, कडेला लांबी (पुट्टी) भरायची, काळा रंग मारायचा. उभ्या गाडीत काही दिसत नाही.

त्याच्याकडे सिल झालेली एक लाल रोडस्टर, म्हणजे उघडी एमजीबी, नोव्हेंबरमध्ये माझ्याकडे कार्बोरेटरच्या बुशसाठी आली. काम झालं, बिल दिलं, गाडी गेली. पुढच्या वर्षी एमओटीच्या, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का हे बघायच्या सरकारी वार्षिक, तपासणीत माणसाने खालून पेचकस टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला. मालकीणबाईंच्या हातात शेवटचं बिल माझं. क्लबभर झालं की फोल्सहिलच्या भारतीयाने सिलमध्ये लांबी भरली. वरच्या गल्लीतल्याला खरं ठाऊक होतं, त्याचं तोंड उघडलं नाही. 1991 च्या जानेवारी-फेब्रुवारीत गाळ्यात एक गाडी आली नाही. मी रोज आठला शटर उघडायचो आणि लेथ पुसून ठेवायचो.

आमचे एक गिऱ्हाईक होते, त्यांना आम्ही घरात मास्तर म्हणायचो. शाळेत धातुकाम शिकवून निवृत्त झालेले. त्यांची 1963 ची एमजीबी, दाराला ओढायच्या हँडलची, तीन बेअरिंगच्या क्रँकची. नवी घेतल्यापासून त्यांच्याचकडे. पावसात, बर्फात चालवायचे, बायकोला घेऊन दर उन्हाळ्यात वेल्सच्या घाटातून जायचे. गाडी काही फार जोरकस नाही, 1798 सीसी, 95 हॉर्सपॉवर. पण ते म्हणायचे, या गाडीत मला रस्ता बुडाला कळतो. गाडीची प्रत्येक गोष्ट ते लाल वहीत लिहायचे, ऑइल कधी बदललं, किंगपिनला (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खुंटीला) ग्रीस कधी मारलं, सगळं.

मार्चमध्ये ते त्या बाईंना आणि क्लबातल्या सात-आठ जणांना घेऊन गाळ्यात आले. मला म्हणाले, "काप. सगळ्यांसमोर काप." मी ग्राइंडर लावला. बाहेरचा पत्रा निघाला, आत जुनी सिल, बिस्किटासारखी झालेली, रिव्हेट मारून त्यावर नवा पत्रा टेकवलेला, आणि पोकळीत वर्तमानपत्राचे बोळे, त्यावर लांबी. बोळा उलगडला. मे 1990 चं पान होतं. गाडी माझ्याकडे आली नोव्हेंबरमध्ये. एकजण म्हणाला, जुना पेपर कुणीही केव्हाही कोंबू शकतो. त्याचं बरोबर होतं, पुरावा म्हणावा असं माझ्याकडे काही नव्हतं. मास्तरांनी वाद घातला नाही. खिशातून चेकबुक काढलं, बॉनेटवर ठेवून सहाशे पौंडांचा चेक लिहिला आणि म्हणाले, "माझं इंजिन उघडायचंय. घाई नाही." त्यांच्या इंजिनाला काहीही झालं नव्हतं. मी ते उघडलं, बेअरिंग बदलली, परत बांधलं, आणि वर्षभरात त्या सात-आठ जणांपैकी पाच जण कामं घेऊन आले. बाईंची सिल मी फक्त पत्र्याच्या किमतीत करून दिली.

पुढची पंचवीस वर्षं काम चांगलं चाललं. कर्ज 1997 ला फिटलं. मुलगी शिकली, आता हिशेब तीच बघते.

2003 मध्ये वरच्या गल्लीतला स्वतःची टीसी घेऊन आला. ब्लॉकमध्ये चुकीच्या आट्यांचा बोल्ट दामटला होता. मी म्हाताऱ्याची पेटी काढली, भोक मोठं करून बुश टाकला, मूळ मेट्रिक आटा पाडून दिला. पूर्ण दर लावला, त्याने पूर्ण पैसे दिले. जाताना म्हणाला, काम छान झालं. 1990 बद्दल एक अक्षर नाही. त्याचं गॅरेज कधीच बंद झालं, तो माणूस अजून क्लबात येतो आणि माझ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारतो. मी बोलतो. विसरलेलो नाही.

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांना दोन-चार गोष्टी सांगतो, कुणी विचारलं नसलं तरी. मे 2018 पासून इथे चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना एमओटी माफ झाली. तेव्हापासून खालून गाडी कुणी बघतच नाही. वर्षातून एकदा लिफ्टवर घ्याच. ट्रायम्फची स्पिटफायर असेल तर पुढच्या ट्रनियनमध्ये, म्हणजे पुढचं चाक वळतं त्या खालच्या सांध्यात, ग्रीस मारू नका, ईपी 90 गिअर ऑइल घाला. कोरड्या ट्रनियनने उभा दांडा मोडून चाक आडवं पडलेलं मी पाहिलंय. तारांची चाकं असतील तर डावे-उजवे हब आपापल्या बाजूलाच ठेवा. डावीकडे सरळ आटे आणि उजवीकडे उलटे असतात ते चाक चालताना नट घट्ट राहावा म्हणून. 1967 च्या आधीच्या एमजीबीला अर्थिंग पॉझिटिव्ह आहे, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं, बॅटरी लावताना दोनदा बघा. आणि पेट्रोल. इथे 2021 पासून साध्या पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, तिकडे भारतात आता 20 टक्के. पुण्या-मुंबईत कुणाकडे टीडी किंवा एमजीबी असेल त्यांनी पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या आजच काढून टाकाव्यात. इथेनॉलने रबर आतून सुटतं आणि त्याचा चुरा थेट फ्लोटच्या सुईवर जाऊन बसतो. नळ्यांना दीडशे रुपये जास्त द्या, पण इथेनॉलला टिकतील अशाच घ्या.

मास्तर 2009 मध्ये गेले. गाडी त्यांच्या नातीकडे आहे, नर्स आहे ती, रात्रपाळी संपवून थेट गाळ्यात येते. लाल वही तीच पुढे लिहिते. गेल्या आठवड्यात आली तेव्हा मी पुढच्या कार्बोरेटरची पिस्टन उचलायची पिन बोटाने जराशी उचलली, मिलिमीटरभर. इंजिनाचा वेग क्षणभर चढला आणि पुन्हा बसला. हवा-पेट्रोलचं मिश्रण बरोबर होतं. मी तिच्या हातात नळी दिली आणि म्हटलं, आता तू ऐक. तिने दोन्हीकडे ऐकलं, म्हणाली, "मागचा जरा बारीक आहे." खरंच होता. तिच्या गाडीच्या डाव्या किंगपिनचा ग्रीस निपल बंद पडलाय, ग्रीस आत जातच नाही. पुढच्या मंगळवारी काढायचाय.