पोदुम, पोदुम

तमिळमधला मला आलेला पहिला शब्द 'पोदुम'. म्हणजे पुरे. शेजारच्या मामी जेवायला बसवतात तेव्हा हा शब्द वेळेवर तोंडातून निघाला नाही, तर पानात रसमचं तळं होतं. मामी-मामा नाशिकरोडला येऊन चाळीस वर्षं झाली; मामा प्रेसमधून रिटायर झाले. मामींचं मराठी माझ्याइतकंच मराठी आहे. फक्त भाजीवाल्याशी घासाघीस रंगात आली की हेल दक्षिणेला सरकतो.

हा पंगतीतला शब्द मला एका प्रेमगीतात भेटला, आणि तोही सुरुवातीच्याच ओळीत.

गाण्याची चाल तुम्हाला माहीत आहे. 'जरा जरा बहकता है' म्हटलं की पुढचं आपोआप डोक्यात वाजायला लागतं. 2001 साली ते आलं तेव्हा मी एस.वाय.ला होते आणि शालिमारहून नाशिकरोडला शेअर रिक्षाने यायचे. मागे चौघं, पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना एकेक, आणि सीटच्या मागे दोन भलेमोठे स्पीकर. द्वारकेच्या सिग्नलला रिक्षा थांबली की नेमकी 'मैं प्यासी हूँ' ही ओळ यायची. बाहेर बघावं तर शेजारच्या रिक्षातलं पब्लिक आपल्याकडे बघतंय. मी मांडीवरच्या स्टॅटिस्टिक्सच्या पुस्तकात डोकं घालायचे. गाणं मात्र मनापासून आवडायचं, हेही खरं. घरी आल्यावर शब्द वगळून नुसती चाल गुणगुणायची, म्हणजे आईला संशय नको.

मूळ गाणं तमिळ आहे, 'वसीगरा', हे मला फार उशिरा कळलं. 'मिन्नले' हा 2001चाच सिनेमा. दिग्दर्शक गौतम मेनन आणि संगीतकार हॅरिस जयराज, दोघांचाही पहिलाच. त्याच वर्षी मेनननेच तो हिंदीत 'रहना है तेरे दिल में' म्हणून केला, माधवनसुद्धा तोच. आणि गाणारा गळाही तोच, बॉम्बे जयश्रींचा. मुंबईत वाढलेल्या, कर्नाटक संगीतात मुरलेल्या जयश्रींनी हे गाणं दोन्ही भाषांत गायलं. खालच्या पट्टीतला आवाज, कुठेही ताना नाहीत, कसरत नाही. मोठं गाणं येणारा माणूस किती कमी गाऊन भागवू शकतो, ते इथे ऐकावं. तर एकच चाल, एकच गळा, बदलले ते फक्त शब्द. मला त्या शब्दांबद्दलच बोलायचंय.

मागच्या जुलैत आपल्याकडे झड लागली होती. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं, याचे फोटो दर दोन तासांनी व्हॉट्सअॅपवर येत होते. बारावीची बॅच रद्द करून मी चाचणीचे पेपर तपासत बसले होते आणि मोबाइलवर 'वसीगरा' लावलं होतं. मामी विरजण मागायला आल्या. वाटी हातात, दारातच थांबल्या.

"अगं, हे आमचं गाणं!"

"मामी, अर्थ सांगा ना. बसा तरी."

"मला सिनेमाची गाणी येत नाहीत हं," म्हणत त्या बसल्या आणि पुढचा तासभर उठल्या नाहीत. मी पेपरांच्या गठ्ठ्यातली एक कोरी पुरवणी ओढली आणि लिहीत गेले.

पहिलीच ओळ. 'वसीगरा' म्हणजे वश करणाऱ्या. 'पोन्' म्हणजे सोनं, 'मडि' म्हणजे मांडी (कानाला तसंच वाटलं होतं). तुझ्या सोन्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोप लागली की... पोदुम. पुरे! मामी सांगत होत्या आणि मी पेन थांबवून हसत होते. पुढचं 'कणम' म्हणजे आपला क्षणच. त्याच क्षणी गेल्या जन्मांची ओढसुद्धा फिटेल, असं ती म्हणते.

आता हिंदीतली ती प्यास आठवा. तिथली मुलगी तहानलेली आहे, इथली म्हणते एवढं झालं तरी पुरे. अर्थात हीदेखील दोन ओळींनी 'एंगुगिरेन, एंगुगिरेन' म्हणतेच, म्हणजे झुरतेय, झुरतेय. पुरे म्हणून कुणाचं कधी पुरं झालंय?

मग पाऊस आला. 'अडै मळै.' यातला ळ आपला नाही. जीभ आणखी मागे वळवून उच्चारायचा तो वेगळा, मामींनी मला सात-आठदा म्हणायला लावून शेवटी नाद सोडला. पण 'अडै मळै' म्हणजे काय विचारल्यावर त्यांनी खिडकीकडे बोट केलं. न थांबणारा पाऊस, झड! दोघं झडीत भिजणार, मग हुडहुडी भरून ताप येणार, आणि त्या तापाशी 'सिनेगम', म्हणजे स्नेह, होणार. मग एका पांघरुणात दोन झोपा. दोन माणसं नाहीत हं, दोन झोपा.

हिंदीत गीतकार समीर यांनी पाऊस ठेवलाय, पांघरुणाची चादर ठेवलीय. ताप गाळला. मला तो ताप फार महत्त्वाचा वाटतो. पावसात भिजण्याची गाणी आपल्याकडे पोत्याने आहेत, पण दुसऱ्या दिवशी कणकण येते हे कोण सांगतं? ज्यांना एकमेकांचा ताप बघायचाय त्यांचंच हे गाणं.

तापानंतर थापा. तो तिला 'कुळुकुळु' खोटं सांगून जिंकणार, ते खोटं आहे हे तिला ठाऊक असणार, आणि तरी तिला तेच ऐकायचंय. "कुळुकुळु म्हणजे गार गार," मामी म्हणाल्या. मी पुरवणीवर लिहिलं, 'गारेगार थापा'. याहून चांगलं मराठी मला अजून सुचलेलं नाही.

दुसऱ्या कडव्यात मी खलास झाले. रोज आंघोळ झाली की तू मला शोधत येतोस आणि माझ्या साडीच्या टोकाला डोकं पुसतोस. एवढी लांब, दमछाक करणारी ओळ, आणि तिच्या शेवटी दोनच शब्द: 'अदु कविदै'. ती कविता.

आपल्याकडे पदर आईचा. त्याला जेवलेलं तोंड पुसायचं, रडून झालं की नाक पुसायचं. प्रियकराच्या वाट्याला पदर आला तर तो ओढायला, नाहीतर वाऱ्यावर उडताना बघायला. न्हाऊन आलेला पुरुष पदराला डोकं पुसतोय, असं मला एकाही मराठी प्रेमगीतात आठवत नाही. हिंदी 'जरा जरा'मध्येही केस आहेत, पण तिचे, मोकळे, आणि ते तो बोटांनी सोडवतो. छान आहे, पण ते पोस्टरवर शोभणारं. ओल्या डोक्याने घरभर पाणी सांडत फिरणारा माणूस हा खरा नवरा.

"कविदै कसली," मामी म्हणाल्या, "यांना टॉवेल सापडत नाही, दुसरं काय! आमच्याकडे रोज सकाळी 'तुंडु एंगे, तुंडु एंगे'. टॉवेल कुठाय म्हणून."

समीर यांना दोष द्यावा असंही नाही. चाल ठरलेली, त्यात शब्द बसवायचे. शाळेत वृत्तं घोकली असतील तर बघा: व-सी-ग-रा, ल गा ल गा. ज-रा-ज-रा, ल गा ल गा. मात्रेला मात्रा चपखल. कारागिरी पक्की आहे, नाहीतर सगळे प्रवासी त्या रिक्षात पाय हलवत बसले नसते.

तमिळ शब्द तामरै यांचे. तामरै म्हणजे कमळ. या बाई कोइम्बतूरला मेकॅनिकल इंजिनियरिंग शिकलेल्या, मग कवितेकडे वळलेल्या. हे मला नंतर कळलं आणि एका ओळीचा उलगडा झाला. ती म्हणते, कुणी 'मणि' विचारली तर मला सांगता येणार नाही. मणि म्हणजे किती वाजले ते. का सांगता येणार नाही? प्रेमाच्या 'मुडिविली'मध्ये घड्याळाची वेळ नसते.

"मुडिविली?" मी विचारलं.

मामींनी जरा विचार केला. "मुडिवु म्हणजे शेवट. इलि म्हणजे ज्याला नाही ते. शाळेत गणितात असतं बघ, आडवा आठ."

मी वीस वर्षं फळ्यावर तो आडवा आठ काढतेय. अंत नसलेला तो अनंत, तमिळमध्येही शब्द तसाच जुळवलेला. लिमिट शिकवताना पोरं दर वर्षी विचारतात, मॅडम, अनंत ही संख्या आहे का? मी दर वर्षी नाही म्हणते, आणि पुढे काय सांगावं ते दर वर्षी नव्याने जुळवते. त्या गणिताच्या शब्दाच्या शेजारी एका बाईने घड्याळ ठेवलं आणि प्रेमगीत लिहिलं. मी मामींना ती ओळ परत लावून दाखवली. त्या ऐकून म्हणाल्या, "तमिळ सोपंच आहे, पण बरं आहे." मामींच्या तोंडून 'बरं आहे' म्हणजे फार झालं.

वाटी घेऊन निघताना त्यांनी गाणं स्वतःच्या फोनवर पाठवायला लावलं. "यांना जरा कमी ऐकू येतं. मोठ्याने लावीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवत होते. पाऊस चालूच. भिंतीपलीकडून मामांची हाक आली, "तुंडु एंगे?" मी गॅस बारीक केला आणि कान दिला.

"बाथरूमच्या दारामागे!" मामी ओरडल्या. मराठीत. म्हणजे मला ऐकू जावं म्हणूनच.