बून्सबरोच्या किल्ल्यात

आज केंटकी नदीच्या काठी नव्याने उभारलेला बून्सबरोचा लाकडी किल्ला पाहिला आणि दिवसभर अमेरिकेच्या सरहद्दीवर वाटा शोधणाऱ्या डॅनियल बून यांचाच विचार मनात राहिला. 1775 मध्ये कंबरलँड खिंडीतून वाट पाडत त्यांनी ही वसाहत वसवली. ही भूमी मात्र ओसाड नव्हती, ती शॉनी आणि इतर मूळनिवासी जमातींच्या शिकारीची होती, हे विसरून त्यांचे शौर्य सांगणे मला अन्यायाचे वाटते. 1778 मध्ये शॉनींनी त्यांना पकडले आणि प्रमुख ब्लॅकफिश यांनी मुलगा मानून घरात घेतले. काही महिन्यांनी, किल्ल्यावर हल्ला होणार हे कळताच, बून पळाले आणि चार दिवसांत अडीचशेच्या आसपास किलोमीटर अंतर तोडून येथे पोहोचले. त्या सप्टेंबरमधील वेढा वसाहतीने परतवला, तरीही त्यांच्याच लोकांनी त्यांच्यावर फितुरीचा खटला भरला. त्यातून ते निर्दोष सुटले.

मला सर्वांत अस्वस्थ करते ती पत्नी रिबेका यांची कहाणी. 10 मुलांच्या या आईचा जेम्स 1773 मध्ये आणि इस्राएल 1782 मध्ये ब्लू लिक्सच्या लढाईत मारला गेला. पुढे दाव्यांची कागदपत्रे सदोष ठरून केंटकीतील बहुतेक जमीनही गेली, आणि 1799 मध्ये हे वृद्ध दांपत्य स्पॅनिश अमलाखालील मिसूरीत पुन्हा नवे घर मांडायला निघाले.