सागवान मोजायचंय? सुतळी आणि काठी पुरे

गावाकडे सागवान विकायचं ठरलं की व्यापारी येतो, बुंध्याला टेप नाहीतर सुतळी गुंडाळतो आणि दोन मिनिटांत घनफूट सांगून मोकळा, आपण नुसतं बघत बसतो. तर हिशेब असा असतो की ओंडक्याच्या मधोमध घेर इंचात मोजायचा, त्याचा पाव करायचा, त्याचा वर्ग गुणिले फुटातली लांबी, भागिले १४४. म्हणजे घेर ४८ इंच, लांबी १० फूट असेल तर बरोब्बर १० घनफूट.

आता गंमत बघा, त्याच ओंडक्यात खरं लाकूड पावणेतेराच्या आसपास भरतं! पाव घेराची ही पद्धत साधारण साडेएकवीस टक्के कमीच दाखवते, कारण चिरताना साल आणि फळकुटं वाया जातात ती आधीच वजा धरलीयेत. इंग्लंडच्या एडवर्ड हॉपसने १७३६ साली याचे तक्ते छापले होते, म्हणून हॉपस फूट. फसवणूक नाही ही, पण भाव कुठल्या घनफुटाचा चाललाय ते आधी विचारून घ्या.

उभ्या झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर घेतात. टेप तिरकी झाली की आकडा फुगतो. उंचीला काठी बेस्ट, डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढं अंतर तेवढीच काठी मुठीच्या वर उभी धरायची आणि मागे मागे सरकत जायचं, मूठ बुंध्याशी आणि टोक शेंड्याशी जुळलं की तिथून झाडापर्यंतचं अंतर तीच उंची. उतारावर मात्र हे गंडतं, आणि कोकणात सपाट जागा शोधायची कुठे 😄